शेतीचा हिशोब एक्सेलवर करताय? या चुका टाळा

आडतीच्या पट्ट्या असोत की भावाभावांतल्या वाटण्या, मराठवाड्यात आता बरेच हिशोब एक्सेलवर होतात. बेरीज कॉम्प्युटर बरोबरच करतो. घोळ होतो तो आकड्याचा अर्थ न ठरवता तो आत टाकल्यामुळे.

सगळ्यात महागात पडते ती एकर-गुंठ्याची चूक. दोन एकर तीस गुंठे आपण सर्रास 2.30 लिहितो. आता 2.30 आणि 1.30 यांची बेरीज एक्सेल 3.6 देतं. 40 गुंठ्यांचा एकर धरला तर खरं उत्तर 4 एकर 20 गुंठे! टिंबानंतरचा आकडा आपण चाळिसातला धरतो, कॉम्प्युटर शंभरातला. त्यात 2.20 टाकलं की शेवटचं शून्य गायब होऊन 2.2 उरतं. मग ते दोन गुंठे की वीस? महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून एकर एका रकान्यात, गुंठे शेजारी आणि तिसऱ्यात गुंठे भागिले 40 अधिक एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. 100 आरचा एक हेक्टर, त्यामुळे तिथलं 0.81 खरोखरच दशांशात आहे. हे दोन प्रकार एका रकान्यात कधीच मिसळू नका.

सोयाबीन 10 क्विंटल 4000 रुपयांनी गेलं आणि 40 क्विंटल 4500 रुपयांनी, तर सरासरी भाव 4250 नव्हे, 4400. एकूण रकमेला एकूण क्विंटलने भागा.

पावसाच्या तक्त्यात नोंद नसेल तिथे शून्य भरू नका. 40, 60, 50, 30 मिलिमीटर आणि एक रिकामा चौकोन असेल तर सरासरी 45 येते. त्याच चौकोनात शून्य टाकलं की 36. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्या पोरांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. 0.1 अधिक 0.2 बरोबर 0.3 का, असं विचारलं तर पायथॉन 'नाही' म्हणतो. फक्त 0 आणि 1 या दोन अंकांत मोजणाऱ्या यंत्राला 0.1 अचूक लिहिताच येत नाही. 1991 मध्ये सौदी अरेबियातल्या धहरानला अमेरिकेची पॅट्रियट यंत्रणा क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि 28 सैनिक गेले. सेकंदाच्या दहाव्या भागातली बारीक चूक 100 तासांत साचत जाऊन घड्याळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने चुकलं होतं. म्हणून दशांश आकडे 'सारखे आहेत का' असं तपासू नका, फरक नगण्य आहे का ते बघा. रुपयांचा हिशोब तर सरळ पैशांत (1 रुपया म्हणजे 100 पैसे), पूर्णांकात ठेवा.

आणि बेरीज शून्यच येत असेल तर आकडे चौकोनात डावीकडे चिकटलेत का बघा. तसं असेल तर बहुतेक वेळा एक्सेल त्यांना अक्षरं समजतंय. 'रु.' किंवा मधली मोकळी जागा काढा आणि आकडा पुन्हा टाका.