सिंगापूर ग्रां प्री: हॉटेल ट्रॅकजवळ नको, मेट्रोजवळ बघा

मरीना बेची ही फॉर्म्युला वन कारशर्यत शहरातल्याच रस्त्यांवर होते, त्यामुळे ट्रॅकला खेटून असलेली हॉटेलं सोयीची वाटतात. पण आसपासचे रस्ते बंद असतात. टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही, बॅगा ओढत चालावं लागतं. शिवाय त्या शनिवार-रविवारचे भाडे अव्वाच्या सव्वा!

आधी तिकिटावरचा झोन (ट्रॅकभोवतीचा विभाग) आणि गेट बघा, मग हॉटेल. झोन ४ चं तिकीट झोन १ मध्ये चालत नाही. पिटसमोरच्या (गाड्यांचे टायर बदलतात ती जागा) स्टँडसाठी प्रॉमेनेड किंवा निकोल हायवे स्टेशन बरं, पाडांग मैदानाच्या बाजूला सिटी हॉल.

आपल्या लोकांना लिटिल इंडिया सगळ्यात सोपं. डाउनटाउन लाइनने रोचोर, बुगिस आणि तिसरं प्रॉमेनेड, गाडी बदलायची नाही. रात्री उशिरा डोसाही मिळतो. लॅव्हेंडर स्टेशनजवळ राहिलात तर सिटी हॉल तिथून दोनच स्टेशनांवर. फक्त खोलीला खिडकी आहे ना ते बुकिंगआधी वाचा, स्वस्त हॉटेलांत बऱ्याचदा नसते.

शर्यत रात्री ८ ला सुटते, नंतर पाडांगवर गाण्यांचा कार्यक्रम. म्हणजे परतायला मध्यरात्र. शेवटच्या मेट्रोची वेळ आधीच बघून ठेवा आणि सोमवारी पहाटेचं विमान घेऊ नका.