मेसचं निमंत्रण आलंय: निवृत्त फौजींसाठी कपड्यांची तयारी

रेजिमेंटच्या रीयुनियनचं किंवा रेझिंग डेच्या, म्हणजे युनिटच्या स्थापनादिनाच्या, रात्रीच्या जेवणाचं कार्ड आलं की पहिला फोन जुन्या साथीदाराला जातो, दुसरा रेल्वेच्या तिकिटासाठी. कपाट उघडलं जातं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी. हा क्रम उलटा करा. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात ‘ड्रेस’ म्हणून एक बारीक ओळ असते, ती सगळ्यात आधी वाचा, कारण पुढची सगळी तयारी तिच्यावर ठरते.

‘लाउंज सूट’ लिहिलं असेल तर कोट आणि पँट एकाच कापडाची, गडद रंगाची, सोबत टाय. ‘कॉम्बिनेशन’ असेल तर ब्लेझर, वेगळ्या रंगाची पँट आणि टाय. ‘ओपन कॉलर’ म्हणजे टाय नाही, पण शर्ट पूर्ण बाह्यांचा आणि खोचलेला. नोकरीत हे शब्द रोज कानावर पडायचे; दहा-पंधरा वर्षांनी मात्र ब्लेझरलाच लाउंज सूट समजून येणारे बरेच भेटतात. ब्लेझर कितीही देखणा असला, त्याच्या खिशावर रेजिमेंटचं चिन्ह असलं, तरी तो सूट नव्हे. कार्डावर ‘मेस ड्रेस’, म्हणजे मेसमधल्या औपचारिक जेवणाचा गणवेश, असेल तर ती सूचना सेवेतल्यांसाठी असते. निवृत्तांसाठी आणि नागरी पाहुण्यांसाठी बहुधा खाली वेगळी ओळ असते. ती नसेल तर अंदाज बांधत बसू नका, मेस सेक्रेटरीला किंवा युनिटच्या ॲडज्युटंटला (प्रशासन बघणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: सूट की बंदगळा, आणि पदकं मोठी की मिनिएचर (छोट्या आकाराची). त्या फोनची कुणालाही लाज वाटायचं कारण नाही, उलट यजमानाला बरं वाटतं.

आता गणवेशाचं. ट्रंकेत घडी करून ठेवलेला तो गणवेश शेवटचा एकदा घालावा, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. आपल्याकडे निवृत्तीनंतरची रीत मुफ्तीची, म्हणजे नागरी कपड्यांची आहे, आणि छातीवर पदकं. कार्डावर स्पष्ट लिहिलेलं नसेल किंवा यजमानाने तसं सांगितलं नसेल, तर गणवेश ट्रंकेतच राहू द्या. अर्धामुर्धा गणवेश तर नकोच: नागरी कोटावर खांद्याचे स्टार, ब्लेझरवर नेमप्लेट, साध्या पँटला युनिटचा वेब बेल्ट. २०२२ च्या आर्मी डेला नवा डिजिटल छापाचा कॉम्बॅट गणवेश समोर आल्यापासून तशा छापाच्या टोप्या आणि जॅकेटं लोकांना फार आवडायला लागली आहेत. मेसच्या जेवणाला त्यांचं काही काम नाही. सोबत येणाऱ्या उत्साही पुतण्या-भाच्यांनाही हे सांगून ठेवा. सैनिक नसताना सैनिक भासवण्यासाठी तसा पोशाख किंवा खूण वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे.

माझं मत विचाराल तर निवृत्त माणसाला काळा किंवा नेव्ही ब्लू बंदगळा सगळ्यात चांगला. टायची गाठ, कॉलरचा आकार, लॅपलची फॅशन यातलं काहीच जुनं होत नाही, पोट थोडं झाकलं जातं आणि पदकं त्यावर उठून दिसतात. फक्त गळ्याचा हुक आत्ताच लावून बघा आणि लावून पाच मिनिटं बसा. उभं असताना नीट वाटणारा गळा जेवायला बसल्यावर आवळतो. शिंप्याकडे द्यायचा असेल तर शिवणीत कापड शिल्लक आहे का ते आधी बघायला सांगा. चांगल्या शिंप्याने शिवलेल्या कोटात ते असतं. डांबरगोळ्यांचा वास एका रात्रीत जात नाही, म्हणून कोट आठवडाभर आधी सावलीत, वाऱ्यावर टांगा.

खरा वेळ पदकांना लागतो, म्हणून ती पहिल्याच दिवशी बाहेर काढा आणि टेबलावर ओळीने मांडा. साधारण दंडक असा की दिवसाच्या समारंभाला मोठी पदकं आणि रात्रीच्या औपचारिक जेवणाला मिनिएचर, म्हणजे जवळजवळ निम्म्या आकाराची. दोन्ही एका वेळी लावायची नाहीत. गणवेशावर लावायची रिबनची पट्टी तर पदकांच्या जोडीला मुळीच नको. मिनिएचरचा संच नसेल तर छावणीच्या बाजारात पदकं बांधून देणारे कारागीर असतात, पण ऐन हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, त्यांच्याकडे गर्दी असते. त्या दिवसांत नेव्ही डे, आर्मी डे आणि प्रजासत्ताक दिन पाठोपाठ येतात.

पदकं डाव्या छातीवर, आणि मानाने सगळ्यात मोठं ते छातीच्या मध्याकडे. तिथून डाव्या खांद्याकडे उतरता क्रम. शौर्याची पदकं आधी, मग युद्धाचे स्टार, मग मोहिमेची आणि सेवेची पदकं, मग स्वातंत्र्याच्या वर्धापनाची, आणि दीर्घ सेवेची त्यानंतर. उदाहरणार्थ, १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्या जवानाची ओळ अशी लागते: पूर्वी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं पदक, २० वर्षं सेवेचं, ९ वर्षं सेवेचं. सेना मेडल मिळालेलं असेल तर ते पूर्वी स्टारच्याही आधी. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गेला असाल तर ते निळ्या रिबनचं पदक कितीही आवडतं असो, त्याची जागा शेवटीच. क्रमाबद्दल शंका असेल तर सेवापुस्तिकेतल्या नोंदी बघा. मिळालेलं एखादं पदक बांधायचंच राहून गेलंय, हेही तिथेच लक्षात येतं. हरवलेल्या पदकासाठी रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करता येतो, पण ते काम आठवड्याभरात होईल अशी आशा ठेवू नका.

सुटी पदकं पिनांनी टोचून नेऊ नका. एकाच पट्टीवर कोर्ट माउंटिंग करून घ्या, म्हणजे ती कडक बसतात आणि चालताना एकमेकांवर आपटत नाहीत. रिबन विटली असेल तर बदला आणि बदलण्याआधी फोटो काढून कारागिराला द्या. काही रिबनींचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नसतात आणि उलटी लागलेली रिबन मेसमध्ये शिरताच कुणीतरी ओळखतोच. ब्रासो (धातू चमकवायचं पॉलिश) मात्र आवरा. पदकाच्या कडेवर तुमचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं, ते वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजतं. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की पुरे. कोटावर पट्टी बसवताना शिंप्याला आतून बकरम (कडक अस्तर) लावायला आणि बाहेर दोऱ्याचे बारीक फासे करायला सांगा. वजनाने कापड खाली ओढलं गेलं की सगळी रांग तिरकी दिसते.

वडिलांची पदकंही लावावीत का, असं पुष्कळ जण विचारतात. लष्कराने जवळच्या नातेवाइकांना उजव्या छातीवर ती लावायची मुभा दिली, ती युद्धस्मारकावरच्या श्रद्धांजलीसारख्या प्रसंगांसाठी. जेवणाच्या रात्री फक्त आपली स्वतःची.

बुटांकडे कुणी बघत नाही असं वाटतं, पण फौजी आधी तिथेच बघतो. काळे, फीतवाले, साध्या टोकाचे बूट. पॉलिशआधी सोल वाकवून बघा. वर्षानुवर्षं डब्यात पडलेल्या बुटांचा फोमसारखा सोल हवेतल्या दमटपणाने कुजतो आणि चालता चालता भुगा होऊन गळतो. वरचं चामडं तेव्हाही आरशासारखं चमकत असतं. मोजे काळे आणि पोटरीपर्यंतचे.

टाय रेजिमेंटची असेल तर तीच, नसेल तर साधी गडद. कोटावर एखादा लॅपल पिन चालतो, तीन-चार नकोत. टोपीचा प्रश्न ब्लेझरसोबत येतो: काही रीयुनियनमध्ये निवृत्त मंडळी सकाळी स्मारकापाशी बेरे (मऊ, गोल फौजी टोपी) घालून उभी राहतात. यजमानांनी तसं सांगितलं असेल तर घाला, आणि संध्याकाळी खोलीवर ठेवा. डोक्यावर काही नसेल तर सॅल्यूट करायचा नाही, सावधान उभं राहायचं. हात आपोआप वर जातो, म्हणून आधीच मनाशी ठरवून ठेवा.

नौदलाचं निमंत्रण असेल तर थोडं वेगळं. नेव्ही बॉलसारख्या, म्हणजे नाच-जेवणाच्या औपचारिक रात्रीला गडद सूट किंवा बंदगळाच घ्या. २०२४ पासून नौदलाने आपल्या मेसमध्ये कुर्ता-पायजमा आणि बिनबाह्यांचं जॅकेट घालायची परवानगी दिली आहे खरी, पण तिथेही एकरंगी, गुडघ्याच्या जरा वर येणारा कुर्ता आणि औपचारिक बूट किंवा सँडल असा बारकाईने सांगितलेला पोशाख आहे. लग्नातला जरीचा कुर्ता त्यात बसत नाही, आणि ती सवलत आर्मीच्या मेसमध्ये गृहीत धरू नका. ‘रेड सी रिग’ कार्डावर दिसलं तर तो सेवेतल्या नौसैनिकांचा, कमरपट्ट्यासह घालायचा उन्हाळी मेसचा पोशाख आहे, तुम्ही त्यासाठी कमरपट्टा शोधत फिरू नका.

निवृत्त महिला अधिकाऱ्यांनी आणि नर्सिंग सर्व्हिसमधल्या ताईंनी साडी नेसायची असेल तर पदकांची जागा तीच, डावी बाजू. रेशमाला जड पट्टीने भोक पडतं, म्हणून ब्लाउज आणि पदर यांच्या आत एक जाड कापडाचा तुकडा ठेवून पिन तिन्ही थरांतून घ्या. सोबत येणाऱ्या जोडीदारासाठी नियम सोपा: साडी, सलवार-कमीज किंवा सूट, काहीही चालेल, जीन्स आणि चपला नकोत. हिवाळ्यात छावणीच्या हिरवळीवर जेवण असेल तर शाल घ्याच.

निघायच्या दोन दिवस आधी सगळं एकदा अंगावर चढवा, पदकांसकट, आणि घरातल्या कुणालातरी समोरून फोटो काढायला सांगा. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, पदकांचा क्रम फोटोतच नीट तपासता येतो. कोट हँगरवर, पदकं वेगळ्या डबीत, आणि ती डबी हातातल्या बॅगेत, सामानात नाही. जेवणाच्या टेबलावरच्या कार्डासाठी नाव कळवताना ‘सुभेदार अमुक तमुक (निवृत्त)’ असं हुद्दा आधी ठेवून कळवा. माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि निमंत्रणाचं कार्ड कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. गेटवरचा जवान तुमची पदकं बघून ताठ उभा राहील, पण आत सोडायच्या आधी कार्ड मागेल.