मंडईची दंडार मोबाईलवर घेतली, आता पुढं काय करायचं?

मंडईच्या, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री दंडार (नाच-गाण्याचं लोकनाट्य) मोबाईलवर घेतली की पोरं ती लगेच व्हॉट्सॲपवर टाकतात. तिथं फाईल लहान करायला ती दाबली जाते, एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरते, आणि नाच्याचा चेहराही ओळखू येत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या मंडळाचं रेकॉर्डिंग मी करतो. त्याला लागतात दोन सॉफ्टवेअरं: व्हिडिओ कापायला-जोडायला शॉटकट आणि फाईल एका प्रकारातून दुसऱ्यात बदलायला हॅण्डब्रेक. दोन्ही फुकट, दोन्हींचा सोर्सकोड खुला, विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही.

आवाजाची तयारी रेकॉर्डिंगच्या आधीच करावी. भोंग्याजवळ उभं राहू नका. तिथं फाटलेला आवाज नंतर कोणत्याही फिल्टरनं जुळत नाही. दुसरा फोन पेटीजवळ ठेवून त्यात फक्त आवाज घ्या. गण (सुरुवातीचं गणेशवंदन) सुरू व्हायच्या आधी दोन्ही फोनसमोर एक खणखणीत टाळी वाजवा. एडिटिंगला बसलात की दोन्ही ट्रॅकवर त्या टाळीचा उंच सुळका दिसतो. सुळक्याखाली सुळका आणला की आवाज जुळला. मग कॅमेऱ्याच्या फोनचा आवाज बंद करून टाका.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. फोन दर सेकंदाला सारख्याच फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) घेत नाही. उजेड कमी झाला की फ्रेम कमी होतात, हॅलोजनसमोर पुन्हा वाढतात. एडिटरला मात्र सारखी चाल लागते. म्हणून सुरुवातीला सगळं बरोबर वाटतं, आणि तासाभरानं ढोलकीवर हात पडलेला दिसतो पण थाप नंतर ऐकू येते. तपासायचं असेल तर क्लिपच्या शेवटी जाऊन ढोलकीवाल्याच्या हाताकडं बघा. उपाय असा: फाईल आधी हॅण्डब्रेकमध्ये उघडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट 30 आणि त्याखाली 'कॉन्स्टंट' निवडा, एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) एच.264 ठेवा, क्वालिटीचा आरएफ आकडा 18 वर आणा. हा आकडा जितका कमी, तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. दर वेळी एन्कोड करताना चित्रातलं थोडं कायमचं जातं, म्हणून या मधल्या फाईलला जागेची कंजुषी करू नका.

पुढचं काम शॉटकटमध्ये. लॅपटॉप जुना असेल तर सेटिंग्जमधून प्रॉक्सी चालू करा. कापाकापी हलक्या नकलेवर होते, शेवटची फाईल मात्र मोठ्यावरूनच निघते. 'एस' दाबलं की क्लिप कापली जाते, 'एक्स' दाबलं की निवडलेला तुकडा निघून मागचं पुढं सरकतं. रोजच्या कामाला एवढं पुरतं. कापताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कापा. गवळण चालू असताना मधूनच कापली तर गाणाऱ्याचा दम वाया जातो, आणि ते मला बघवत नाही. उडते तारे, फिरती अक्षरं यांची गरज नाही.

एक्स्पोर्ट करताना (शेवटची फाईल काढताना) चित्राला एच.264 आणि आवाजाला एएसी घ्या, क्वालिटी 60 टक्क्यांच्या आसपास. एच.265 या नव्या पद्धतीत फाईल लहान होते, पण गावातल्या पुष्कळ जुन्या टीव्हींवर ती चालत नाही. आकार आधीच ठरवायचा असेल तर हिशोब सोपा आहे: बिटरेट (दर सेकंदाला लागणारे बिट) गुणिले सेकंद, भागिले आठ. चित्राला 1000 आणि आवाजाला 128 किलोबिट दिले तर तासाभराचे 500 एमबीच्या थोडं वर होतात. एवढी फाईल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग ती पुन्हा दाबली जात नाही.

रात्रभराची एकच फाईल करू नका. प्रत्येक भाग वेगळा काढा. एक्स्पोर्ट चालू असताना लाईन गेली तर अर्धवट एमपी4 सहसा उघडतच नाही. भाग वेगळे असले की तेवढाच पुन्हा काढावा लागतो. शिवाय फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीहून मोठी फाईल बसत नाही, आणि जुने टीव्ही बहुधा तोच पेनड्राइव्ह वाचतात.

यूट्यूबवर टाकायच्या आधी मंडळाला विचारा. वडशाच्या (गडचिरोली जिल्हा) व्यावसायिक नाटक कंपनीचं तिकिटाचं नाटक असेल तर परवानगीशिवाय एक प्रवेशही टाकू नका. त्या कलावंतांचं पोट तिकिटावर आहे. आणि फोनमधली मूळ फाईल पुसण्याआधी ती बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवा, नावात गाव, मंडळ आणि साल लिहून.