फिक्स्ड सायकल रस्त्यावर चालवायची तर

फिक्स्ड गिअरच्या सायकलला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी मागचं चाक मोकळं फिरू देणारा भाग, नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडलवर पाय आहेत तोवर तेही फिरणार. साध्या सायकलवर उतार लागला की आपण पाय थांबवून टिकटिक ऐकत बसतो, तसं इथे बसता येत नाही. हे ऐकून सगळेच मान डोलावतात. माझ्या पायांना ते कळायला दोन महिने लागले आणि त्यात दारव्हा-दिग्रस रस्त्यावर एकदा कोपर सोलून निघालं. साधी सायकल तुम्हाला पक्की येते, सीटची उंची आणि चाकातली हवा तुम्हाला समजते, असं धरून पुढचं लिहितो.

गावात कुणीतरी सांगतंच, "फ्रीव्हीलले वेल्डिंग मारून घे, झाली फिक्स." असं अजिबात करू नका. मी केलं होतं. फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, उजव्या (घड्याळाच्या दिशेने आवळणाऱ्या) आट्यांनी बसतं. पुढे पायडल मारलं की ते आवळतं, पण वेग कमी करायला पायाने उलटा जोर दिला की सुटायला लागतं. वेल्डिंगने फ्रीव्हीलचे आतले भाग एकमेकांना चिकटतात, हबला नाही. खऱ्या फिक्स्ड हबवर दोन वेगळे आटे असतात: कॉग, म्हणजे मागची दातेरी चक्री, उजव्या आट्यावर, आणि त्याच्यावरची लॉकरिंग, म्हणजे आवळायची कडी, डाव्या आट्यावर. कॉग उलटा सुटू पाहतो तेव्हा लॉकरिंग त्याला अडवते. असं हब नागपूरहून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, पण तेच बसवा. बसवल्यावर एखादा चढाव पूर्ण जोराने चढून या आणि लॉकरिंग पुन्हा आवळा. चढताना कॉग आणखी थोडा आत सरकतो आणि मधे फट पडते.

पुढे 44 दात, मागे 18. शिकायला यापेक्षा जड गिअर नको. चेनला मधोमध अर्ध्या इंचाचा खेळ ठेवा, आणि पायडलची पूर्ण फेरी फिरवून चारपाच ठिकाणी तपासा, कारण चेनव्हील (पायडलजवळचं दातेरी चक्र) अगदी मधोमध बसलेलं क्वचितच असतं. ढिली चेन चालत्या सायकलवर उतरली तर मागचं चाक जाम होऊ शकतं.

पुढचा ब्रेक हवाच. ट्रॅकवरच्या शर्यतीच्या सायकलींना ब्रेक नसतो, म्हणून काही पोट्टे तो काढून टाकतात. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने पळतात, तिथे समोरून ट्रॅक्टर येत नाही आणि धुऱ्यावरून कुत्रं निघत नाही. वेग कमी होताना वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे पायाने कितीही रोखलं तरी ते फक्त मागचं चाक रोखणं आहे, पुढच्या ब्रेकची बरोबरी त्याला कधीच येत नाही.

चढायची पद्धत बदलावी लागेल. आपल्याकडे डावा पाय पायडलवर ठेवून, दोन ढकल्या मारून, चालत्या सायकलवर टांग टाकतात. इथे ढकललं की पायडल पायाखालून फिरतं. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा, पुढचा ब्रेक दाबा, सीट धरून मागचं चाक उचला, पायडल पुढे-वर आणा, चाक खाली ठेवा आणि निघा. उतरतानाही आधी पूर्ण थांबा, मगच टांग काढा.

आता खरी अडचण. उतारावर पाय थांबवायचा नाही, हे आठवड्याभरात जमतं. जमत नाही ते खड्ड्याचं. लहानपणी कैची मारत शिकलो तेव्हापासून शरीराला एकच माहीत असतं: खड्डा दिसला की दोन्ही पायडल सारखे करायचे, पाय ताठ करायचे, सीटवरून उठायचं आणि चाक जाऊ द्यायचं. आपल्या काळ्या मातीतले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, कडेचं डांबर दर वर्षी तुटतं. म्हणजे ही हालचाल आपण दिवसातून पन्नासदा करतो. फिक्स्ड सायकलवर नेमकी तीच घात करते.

माझं तसंच झालं. सप्टेंबरची संध्याकाळ होती, रपटा ओलांडला आणि पुढचा खड्डा उशिरा दिसला. पाय आपोआप सारखे झाले, गुडघे ताठ झाले. पण चाक फिरतच होतं. मागचं पायडल वर आलं, त्यावर सरळ पायाने माझं सगळं वजन. कुणीतरी खालून तळव्याला ठोसा मारावा तसा मी वर फेकलो गेलो, हँडल वळलं आणि कडेच्या मुरमात कोपर घासत गेलं. शेळ्या राखणारे एक बाबा धावत आले. "काऊन बाप्पा, ब्रेक नाई का सायकलले?" ब्रेक होता, माझी बोटं त्यावर नव्हती. तेव्हापासून गाव, पूल, शेळ्या, खड्डे, काहीही दिसलं की दोन बोटं ब्रेकवर जातात. तुम्ही पहिल्या दिवसापासून तेवढं करा.

यावर "सवय होईल हळूहळू" हा सल्ला निरुपयोगी आहे. सवय मुद्दाम मोडावी लागते, तीही मैदानात. शाळेच्या मैदानावर किंवा मोकळ्या वावरात कडक जमिनीवर पऱ्हाटीच्या काड्या दहा-दहा पावलांवर आडव्या टाका. त्यांच्यावरून हळू जा. काडी येण्याआधी सीटवरून फक्त चार बोटं उठायचं, कोपर आणि गुडघे वाकलेले, आणि पाय फिरतच राहिले पाहिजेत. उठणं आणि थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शरीराला शिकवायचंय. पहिल्या दिवशी प्रत्येक काडीवर पायडल तुम्हाला ढकलेल. मी रोज वीस मिनिटं केलं आणि नवव्या दिवशी एकही धक्का बसला नाही. माझ्या पुतण्याला चारच दिवस लागले.

त्यानंतर पायाने वेग कमी करणं. वरून खाली येणारं पायडल दाबायचं नाही, मागून वर येणाऱ्या पायडलवर वजन टाकायचं. जिना उतरताना आपण प्रत्येक पायरीवर शरीर तोलतो, तसं. एकाच फेरीत चाक थांबवायला गेलात तर गुडघा दुखेल. विजेच्या एका खांबापाशी सुरुवात करा आणि किती फेऱ्यांत सायकल चालण्याच्या वेगावर येते ते मोजा. दहा-पंधरा फेऱ्या लागल्या तरी चालेल. पोट्ट्यांना चाक घसरवून थांबायची हौस असते. रस्त्यावर त्याचा उपयोग नाही, टायर एकाच जागी झिजतो, आणि बारीक गिट्टीवर मागचं चाक कुठे जाईल सांगता येत नाही.

हे दोन्ही जमल्याशिवाय डांबरी रस्त्यावर येऊ नका. आल्यावर पायडलला पट्टे लावा, थोडे ढिले, पाय ओढला की निघतील इतपत. पट्ट्याशिवाय उतारावर पाय सुटला तर फिरतं पायडल नडगीवर बसतं.

उतारावर वेग आधीच धरून ठेवा. 44 आणि 18 दातांवर, साधारण 2.1 मीटर घेराच्या चाकाने पायडलच्या एका फेरीत तुम्ही 5.1 मीटर जाता. ताशी 28 किलोमीटरला मिनिटाला 90 फेऱ्या होतात, ते झेपतं. ताशी 40 ला 130 होतात. नवशिक्याचे पाय तिथे सीटवर उसळायला लागतात, आणि मग ब्रेकही नीट दाबला जात नाही. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधी ब्रेक, मधे नाही.

वळणावर सायकल फार कलती करू नका, आतलं पायडल जमिनीला लागतं. ते थांबवून वर धरायची सोय नाही. शकुंतला रेल्वेचे रूळ जिथे रस्ता कापतात तिथे सरळ काटकोनात जा, पाय फिरते ठेवून. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं, त्यावरून पायाने वेग रोखू नका. दाणे गोल असतात, चाक क्षणात सरकतं.

पँटचा पाय बांधा, लेस आत खोचा, दुपट्टा घरी ठेवा. साध्या सायकलवर कापड चेनमध्ये अडकलं तर आपण पाय थांबवतो. इथे चाक ते ओढतच नेतं.

हेच घरी चेन पुसताना. सायकल उलटी करून, चाक फिरवून, फडक्यात चेन धरायची आपली पद्धत आहे. फिक्स्डवर ते कधीही करू नका. फडकं दातांत गेलं की मागोमाग बोट जातं, आणि फिरतं चाक बोट कापूनच थांबतं. चाक पूर्ण थांबवा, समोरचा चेनचा तुकडा पुसा, हात बाजूला घ्या, मग पायडल थोडं फिरवा आणि पुढचा तुकडा घ्या. घरात लहान मुलं असतील तर सायकल उलटी ठेवून आत जाऊ नका.