कॉकटेलची चिठ्ठी

आमचा कॉकटेल पक्षी दोन दिवस पिसं फुगवून बसलेला, डोळ्यांतून पाणी. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक मागितलं, तर वडगावातला मेडिकलवाला म्हणाला, "चिठ्ठी आणा, ते शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांत येतं." राग आला, पण बरोबर त्याचंच होतं. ९० ग्रॅमच्या जिवाला माणसाची १०० मिलिग्रॅमची गोळी अंदाजाने तोडून देणार कशी?

पिंजऱ्यावर टॉवेल टाकून रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टरांना सिटाकोसिसचा, म्हणजे पोपटासारख्या पक्ष्यांना होणाऱ्या संसर्गाचा, संशय. वजन करून चिठ्ठी दिली: पातळ औषध, सिरिंजने, ४५ दिवस. समुद्रफेस मात्र पिंजऱ्यातून काढायला लावला. त्यातल्या कॅल्शियममुळे डॉक्सी अंगी लागत नाही. हे मला कुठून कळणार होतं! आजार माणसालाही लागतो, म्हणून साफसफाई मास्क लावून.

आठव्या दिवशी शीळ ऐकू आली. तरी डोस पुरे ४५ दिवस दिला.