परदेशी ई-ओळखीने लॉगिन झाले, तरी काम अडते ते इथे : या चुका टाळा

युरोपीय संघातल्या एका सदस्य राष्ट्राने दिलेली, ‘अधिसूचित’ म्हणजे रीतसर कळवून संघाच्या यादीत आलेली इलेक्ट्रॉनिक ओळख दुसऱ्या सदस्य राष्ट्राच्या शासकीय ऑनलाइन सेवेवर चालली पाहिजे, हे बंधन २९ सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. ते संघाच्या विनियम ९१०/२०१४ या कायद्याच्या सहाव्या कलमात आहे, आणि या कामातले लोक त्या विनियमाला थोडक्यात ‘आयडास’ म्हणतात. अशा लॉगिनची जोडणी करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. कार्यालय बदलते, देश बदलतो, पण चुका त्याच राहतात. त्यांची झळ बसते ती नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा लग्नामुळे देश बदललेल्या माणसाला, ज्याला आपला अर्ज का अडला हे कोणीच सांगत नाही.

लॉगिन झाले की माणूस सापडला, असे मानणे

सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. सीमेपलीकडून येणाऱ्या ओळखीसोबत नेमकी कोणती माहिती येते, हे २०१५ च्या अंमलबजावणी विनियम १५०१ मध्ये ठरवून दिले आहे. व्यक्तीच्या बाबतीत चारच गोष्टी अनिवार्य आहेत : सध्याचे आडनाव, सध्याचे नाव, जन्मतारीख आणि पाठवणाऱ्या राष्ट्राने तयार केलेला एक अनन्य ओळखक्रमांक. जन्माच्या वेळचे नाव, जन्मस्थान, पत्ता आणि लिंग या गोष्टी ऐच्छिक आहेत. ईमेल या यादीत नाही, नागरिकत्वही नाही, आणि तुमच्या देशाचा राष्ट्रीय क्रमांक तर असणे शक्यच नाही. तरीही लॉगिननंतरच्या पहिल्याच पानावर स्थानिक राष्ट्रीय क्रमांकाचा रकाना सक्तीचा ठेवलेले कितीतरी अर्ज मी पाहिले आहेत. दार उघडायचे आणि उंबरठ्यावरच अडवायचे, असा हा प्रकार आहे.

एका सदस्य राष्ट्रातल्या निवृत्तिवेतनाच्या सेवेसाठी आम्ही जोडणी केली, तेव्हा हा रकाना काढून टाकण्याचा आग्रह मी धरला आणि तो मान्यही झाला. मग प्रश्न आला की आलेला माणूस आपल्या नोंदवहीतला कोणता, हे कसे ठरवायचे. मुदत जवळ आली होती. गटातल्या एका नवख्या सहकाऱ्याने सुचवले की नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की नोंद आपोआप उघडावी. मी हरकत घेतली, पण ती लेखी घेतली नाही, आणि मुदतीच्या दबावाखाली ती पद्धत तशीच सुरू झाली. जुनी नोंदवही दोन आडनावांपैकी पहिलेच जपून ठेवणारी होती, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. काही आठवड्यांनी एका बाईंचा फोन आला : पडद्यावर दिसणारा सेवाकाळ त्यांचा नव्हता. त्या कधी न राहिलेल्या शहरातल्या, कधी न केलेल्या नोकऱ्यांचा तपशील त्यांना दिसत होता. नाव तेच, पहिले आडनाव तेच, जन्मतारीख तीच, पण माणूस दुसरा होता. त्या प्रामाणिक होत्या म्हणून त्यांनी स्वतःहून कळवले. आम्ही त्याच रात्री आपोआप जुळणी बंद केली आणि पुढचे कित्येक दिवस आधी उघडलेली प्रत्येक नोंद हाताने तपासली.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. पहिल्या लॉगिनला कोणतीही जुनी नोंद आपोआप उघडायची नाही. जुळणारी नोंद एकच असली, तरी त्या माणसाकडून त्याच्याकडेच असेल अशी एक गोष्ट मागायची, उदाहरणार्थ पूर्वीच्या पत्रव्यवहारातला प्रकरण क्रमांक, किंवा नोंदवहीतल्या पत्त्यावर टपालाने पाठवलेला संकेतांक. एकाहून अधिक नोंदी जुळल्या, तर ते प्रकरण कर्मचाऱ्याकडे जाते. एकही जुळली नाही, तर नवी नोंद होते आणि अर्ज पुढे सरकतो. ही पद्धत सावकाश चालते, हे मला मान्य आहे. घाईत असलेल्या मंडळींना ती आवडत नाही, पण चुकीच्या माणसाची नोंद उघडण्यापेक्षा दोन दिवस उशीर मला चालतो. सुधारित विनियम ११८३/२०२४ ने कलम ११अ घालून सीमापार ओळख-जुळणी निःसंदिग्ध करण्याची जबाबदारी सदस्य राष्ट्रांवर टाकली आहे. म्हणजे हा प्रश्न तांत्रिक गटाच्या मर्जीवर सोडण्याचा राहिलेला नाही.

याच चुकीचे दुसरे टोक म्हणजे ओळखक्रमांक कायमचा समजणे. ‘काळाच्या ओघात शक्य तितका टिकाऊ’ एवढीच नियमाची अपेक्षा आहे. जर्मनीच्या ओळखपत्रातून येणारा क्रमांक त्या विशिष्ट कार्डाशी बांधलेला असतो. कार्ड बदलले की क्रमांक बदलतो. चोवीस वर्षांखालच्या व्यक्तीचे कार्ड सहा वर्षांनी आणि त्यापुढच्या वयात दहा वर्षांनी संपते, आणि हरवले तर त्याआधीच बदलते. क्रमांक बदललेला माणूस तुमच्या प्रणालीला अनोळखी वाटतो आणि त्याची अर्धवट राहिलेली प्रकरणे त्याला दिसेनाशी होतात. म्हणून एका नोंदीला एकाहून अधिक ओळखक्रमांक जोडता येतील अशी रचना पहिल्या दिवसापासून ठेवावी. नंतर ती बसवणे फार कष्टाचे असते.

त्याच क्रमांकाच्या सुरुवातीला दोन देशांचे संकेत असतात, आधी पाठवणाऱ्याचा आणि मग स्वीकारणाऱ्याचा. पहिला संकेत पाहून नागरिकत्व ठरवणारा एक अर्ज मी स्वतः दुरुस्त केला आहे. एस्टोनियाने अधिसूचित केलेल्या ओळखींत ई-रहिवासी कार्डही आहे, आणि ते बाळगणारा माणूस एस्टोनियात कधीही राहिलेला नसू शकतो. ओळख कोणी दिली एवढेच तो संकेत सांगतो. नागरिकत्व हवे असेल, तर ते वेगळे विचारावे आणि त्याचा पुरावा वेगळा घ्यावा.

खबरदारी म्हणून सगळ्याच सेवांना ‘उच्च’ पातळी लावणे

विनियमात विश्वासार्हतेच्या तीन पातळ्या आहेत : निम्न, भरीव आणि उच्च. सेवेला भरीव किंवा उच्च पातळी लागत असेल, तर तितक्याच किंवा त्याहून वरच्या पातळीची अधिसूचित परदेशी ओळख स्वीकारणे बंधनकारक आहे. निम्न पातळीची ओळख स्वीकारणे ऐच्छिक आहे. पातळी ठरवताना त्या सेवेत चूक झाली तर कोणाचे काय नुकसान होईल, याचा विचार व्हायला हवा. प्रत्यक्षात मात्र बैठकीत कोणीतरी ‘सुरक्षिततेसाठी उच्चच ठेवू’ म्हणतो आणि सगळे माना डोलावतात. परिणाम असा होतो की इटलीच्या ‘स्पिड’चे भरीव पातळीचे खाते असलेल्या माणसाला पत्ता नोंदवण्याइतकी साधी सेवाही मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे स्वदेशी लोकांना भरीव पातळीने आत सोडायचे आणि परदेशी लोकांकडे उच्च मागायची. हे सहाव्या कलमाच्या सरळ विरुद्ध आहे, कारण तुलना त्या सेवेला लागणाऱ्या पातळीशी करायची असते, माणूस कुठून आला याच्याशी नाही.

मी प्रत्येक सेवेसाठी एका पानाची टिपणी मागतो : कोणती पातळी, का, आणि तिच्यावर सही कोणाची. ती टिपणी लिहायला बसले की निम्म्या सेवांची ‘उच्च’ पातळी आपोआप खाली येते.

ओळख आणि स्वाक्षरी यांची गल्लत

उच्च पातळीचे लॉगिन ही स्वाक्षरी नव्हे. हस्तलिखित स्वाक्षरीशी समान कायदेशीर परिणाम कलम २५ प्रमाणे ‘पात्र’ इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला मिळतो, आणि एका सदस्य राष्ट्रात दिलेल्या पात्र प्रमाणपत्रावर आधारलेली ती स्वाक्षरी इतर सर्व सदस्य राष्ट्रांत पात्र म्हणूनच मानावी लागते. ओळखीची मान्यता अधिसूचित योजनांच्या, म्हणजे ओळख देणाऱ्या राष्ट्रीय व्यवस्थांच्या, यादीवर चालते, तर स्वाक्षरीची मान्यता विश्वसनीय सेवादात्यांच्या, म्हणजे अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांच्या, राष्ट्रीय याद्यांवर चालते. हे दोन वेगळे रस्ते आहेत. उच्च पातळीने लॉगिन केलेल्या माणसाला कागद छापून, सही करून, त्याचे छायाचित्र चढवायला सांगणारी सेवा मला अजूनही भेटते, आणि त्या छायाचित्राला पात्र स्वाक्षरीचा दर्जा नसतो. कायद्याने स्वाक्षरी खरोखर लागते का, हे आधी विचारावे. बहुतेक वेळा जुन्या कागदी अर्जात सहीची रेघ होती, एवढेच कारण निघते. लागत असेल, तर सेवेतच पात्र स्वाक्षरीची सोय द्यावी.

थोडक्यात सांगण्यासारख्या काही चुका

परदेशी ओळखीला मान्यता देण्याची तारीख बातमी वाचून ठरवू नये. योजना संघाच्या अधिकृत राजपत्रातल्या यादीत प्रसिद्ध झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत मान्यता द्यावी लागते. जर्मनीची योजना २६ सप्टेंबर २०१७ ला प्रसिद्ध झाली, तर इटलीची १० सप्टेंबर २०१८ ला, आणि त्यामुळे इटलीसाठीची मुदत १० सप्टेंबर २०१९ ही होती. अधिसूचनेच्या निदान सहा महिने आधी इतर राष्ट्रांना योजनेची माहिती दिली जाते, पण ती पूर्वसूचना म्हणजे प्रसिद्धी नव्हे.

यादीत नसलेली ओळख मान्य करण्याचे बंधन नाही. ब्रिटनची ‘व्हेरिफाय’ योजना २०१९ मध्ये यादीत आली होती, पण ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला आणि ते बंधनही संपले.

नावे इंग्रजी अक्षरांत बसवण्याचा हट्ट सोडावा. ग्रीक आणि बल्गेरियन नावे मूळ लिपीत आणि लॅटिन लिपीत अशी दोन्ही रूपांत येऊ शकतात, तेव्हा दोन्ही जपावीत. चाचणीसाठी मी अशा अवघड नावांची एक वही ठेवली आहे, आणि तिच्यातले प्रत्येक नाव अर्जातून शेवटच्या छापील पत्रापर्यंत नीट उतरल्याशिवाय होकार देत नाही. बनावट चाचणी-खात्यांवर समाधान मानणाऱ्यांना माझे एकच सांगणे असते, की खऱ्या कार्डाचा खरा माणूस शेजारी बसवून एकदा तरी करून पाहा.

योजना स्थगित झाली, तर काय दिसेल, हे आधीच लिहून ठेवावे. २०१७ मध्ये कार्डांच्या चिपमधल्या कमकुवतपणामुळे एस्टोनियाने सुमारे साडेसात लाख कार्डांवर परिणाम झाल्याचे सांगितले आणि ३ नोव्हेंबरच्या रात्री त्यांची प्रमाणपत्रे स्थगित केली. तेव्हा त्यांची योजना यादीत आलेली नव्हती, पण उद्या असे कोणत्याही योजनेचे होऊ शकते आणि कलम १० त्यासाठीच आहे. अशा दिवशी ‘तांत्रिक अडचण’ एवढेच दाखवणे हा माणसाचा वेळ घालवणे आहे. त्याची ओळख तात्पुरती बंद आहे, अर्जाची मुदत पुढे ढकलली जाईल का, आणि दुसरा मार्ग कोणता, हे त्याला त्याच पानावर कळावे.

शेवटची चूक अलीकडे वाढली आहे : ‘आता डिजिटल ओळख-पाकीट (ओळख मोबाइलमध्ये बाळगण्याची सोय) येणार, मग जुन्या जोडणीवर श्रम कशाला?’ विनियम १७२४/२०१८ ने २१ कामे १२ डिसेंबर २०२३ पर्यंत संपूर्ण ऑनलाइन करायला सांगितले होते. स्थानिक माणसाला जिथे ऑनलाइन ओळख पटवता येते तिथे सीमेपलीकडून आलेल्यालाही पटवता आली पाहिजे, हेही त्यातच आहे, आणि ते बंधन पाकिटाची वाट पाहत नाही. सदस्य राष्ट्रांनी पाकिटे २०२६ च्या अखेरपर्यंत द्यायची आहेत, पण पाकिटातून आलेली ओळखही कोणत्या तरी नोंदीशी जुळवावीच लागणार आहे. ज्या कार्यालयांनी जुळणीची पद्धत, एकाहून अधिक ओळखक्रमांकांची रचना आणि पातळ्यांच्या टिपण्या आजच तयार केल्या आहेत, त्यांना पाकिटासाठी फक्त नवे दार बसवावे लागेल. इतरांना नोंदवहीपासून सुरुवात करावी लागेल.