अतिवृष्टीचं अनुदान खात्यात येईपर्यंत काय काय बघायचं

मी गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. यादी लागली की दारात गर्दी, आणि जो तो विचारतो, "शेजाऱ्याला आलं, माझं कुठं गेलं?" दहातल्या आठांचं कुठल्या तरी एका रकान्यात अडकलेलं असतं.

पहिला रकाना पंचनाम्याचा. तलाठी, कृषी सहाय्यक, ग्रामसेवक येतील त्या दिवशी स्वतः बांधावर थांबा. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त लिहिलं तरच मदत मिळते. गट नंबर आणि बाधित क्षेत्र वाचून मगच सही करा. ८० आरच्या (१०० आर म्हणजे एक हेक्टर) जागी ८ आर पडलं तर पैसे त्या ८ आरचेच येणार. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, झालेली असू द्या, आणि पाणी उभं असतानाच फोटो काढून ठेवा.

दर एकदा समजून घ्या, म्हणजे आलेली रक्कम ताडता येते. हेक्टरी कोरडवाहूला ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. मर्यादा २ हेक्टर. २०२५ च्या खरिपासाठी ती ३ केली होती. दोन एकर कोरडवाहू सोयाबीन वाहून गेलं तर ६,८०० च्या आसपास हातात येतात. त्यात बियाणं-खताचा खर्चही निघत नाही, पण आकडा तोच आहे. पीक विमा मात्र वेगळा. त्याचे पैसे यात धरू नका.

तहसीलची यादी पोर्टलवर चढली की तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक येतो. तो तलाठ्याकडून घ्या आणि आधार कार्डासह केंद्रावर या. अंगठा लावून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, होते. शेतकऱ्याला ती मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. निंदणी-खुरपणी करून म्हाताऱ्या बायांच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नसतात. हात धुवा, कोरडे करा, दुसरं बोट लावून बघा. घाई केली की मशीन नाहीच म्हणतं. २०२५ च्या मदतीत फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) असणाऱ्यांना ई-केवायसीतून सूट दिली होती, तेव्हा तो काढलेला बरा.

ई-केवायसी करताना पडद्यावर क्षेत्र आणि रक्कम दिसते. तिथं घाईनं 'मान्य' करू नका. चूक असेल तर तक्रार तिथूनच तहसीलला जाते.

सामाईक गटात भावाभावांचं संमतीपत्र लागतं. खातेदार वारला असेल तर आधी वारस नोंद. ही दोन कामं पावसाळ्याआधीच उरकलेली बरी. यादी लागल्यावर पुण्याच्या भावाची सही आणायला फार धावपळ होते.

सगळं बरोबर असूनही पैसे दिसत नसतील तर आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघा. रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, तुम्ही पासबुक दाखवता त्यात नाही. कित्येकांची रक्कम विसरलेल्या जनधन खात्यात सापडते.

आणि बँकेनं ती कर्जात वळती केली तर शासन निर्णयाची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्या. मदतीतून कर्जवसुली करू नये, असं त्यात लिहिलेलं असतं. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.